नावापोटी किती फिल्स?

महिन्याच्या सामानाची यादी समोर घ्या आणि तिच्यात काय लिहिलंय ते नीट पाहा. ‘मीठ’ लिहिलंय की कंपनीचं नाव? ‘कपडे धुण्याची पावडर’ लिहिलीय की ब्रँड? आपल्याकडे वनस्पती तूप म्हणजे डालडा, टूथपेस्ट म्हणजे कोलगेट आणि ताप आला की क्रोसिन. वस्तूचं नाव मागे पडलं आणि कंपनीचं नाव हेच वस्तूचं नाव होऊन बसलं. यादी अशी लिहिली गेली की निम्मी खरेदी घरीच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर उरकलेली असते. दुकानात फक्त ती वस्तू उचलायची बाकी राहते.

आता हीच यादी घेऊन बहरीनमधल्या एखाद्या हायपरमार्केटमध्ये जा. एकाच फळीवर भारतातून आलेलं ओळखीचं पाकीट, सौदीचं किंवा युरोपातलं अनोळखी पाकीट आणि त्यांच्या शेजारी खुद्द त्या दुकानाचंच नाव छापलेलं साधं पाकीट. तिसरं सहसा सगळ्यांत स्वस्त. तरी हात पहिल्याकडेच जातो. का जातो? आणि तो तसा जावा का? आजच्या लेखात या दोन प्रश्नांची उत्तरं शोधू. शेवटी घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोगही आहे.

‘दुकानछाप’ म्हणजे नेमकं काय?

ज्या मालावर दुकानाचं स्वतःचं नाव असतं त्याला आपण या लेखापुरतं ‘दुकानछाप’ म्हणू. ही कल्पना जुनीच आहे. फ्रान्समध्ये कारफूरने १९७६ साली पन्नास वस्तू साध्या पांढऱ्या वेष्टनात, कुठल्याही ब्रँडविना विकायला ठेवल्या, आणि त्या चालल्याही. मराठी वाचकांना याच सुमाराचं घरचं उदाहरण आठवेल. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून महिन्याचं वाणसामान घाऊक भावात घ्यायला आणि आपापसांत वाटायला सुरुवात केली. तिथे ब्रँडचं नाव नव्हतं, संस्थेवरचा विश्वास होता.

दुकानाचा सहसा स्वतःचा कारखाना नसतो. दुकान एखाद्या उत्पादकाकडून माल बनवून घेतं आणि आपलं नाव लावतं. माल स्वस्त पडतो त्याची पहिली कारणं साधी आहेत: टीव्हीवरच्या जाहिराती नाहीत, मधला वितरक नाही, फळीवरच्या मोक्याच्या जागेसाठी भांडण नाही. काही वेळा घटकही हलके असतात, पण नेहमीच नाही. ‘स्वस्त आहे म्हणजे भेसळ असणार’ आणि ‘सगळं एकाच कारखान्यातून येतं, फक्त डबा वेगळा’ ही दोन्ही वाक्यं आपण सारख्याच ठामपणे बोलतो, आणि दोन्ही अर्धवट आहेत. एकच कारखाना दोन वेगळ्या पाककृतींचा माल बनवू शकतो. म्हणून कारखाना शोधत बसण्यापेक्षा पाकिटात काय आहे ते पाहिलेलं बरं.

हात ओळखीच्या पाकिटाकडे का जातो?

पहिलं कारण मेंदूच्या सवयीत आहे. रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवून दिलं, की एखादी गोष्ट नुसती वारंवार नजरेस पडली तरी ती आपल्याला आवडू लागते. तिच्याबद्दल काही कळलेलं असण्याची गरज नसते. लहानपणी स्वयंपाकघरात रोज दिसणारा डबा हा अशा हजारो दर्शनांचा साठा असतो.

दुसरं कारण शहाणपणाचं आहे. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली वापरलेल्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन एक प्रश्न मांडला: मालाचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजाराचं काय होतं? चांगला माल मागे हटतो आणि वाईट माल उरतो. यावरच्या उपायांमध्ये त्याने ब्रँडचं नावही मोजलं होतं. नाव म्हणजे विकणाऱ्याने गहाण ठेवलेली अब्रू. माल खराब निघाला तर ती अब्रू जाते. या कामासाठी ॲकरलॉफना २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आपल्या आई-आजीला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. सुट्या तिखटात विटकरीची भुकटी, सुट्या हळदीत पिवळा रंग ही त्या काळची खरी भीती होती. ‘सुटं आणू नकोस, पाकीटबंद आण, आणि अमुकच आण’ हा त्यावरचा चोख बंदोबस्त होता. म्हणजे आपली ब्रँडनिष्ठा एका खऱ्या अडचणीवरचा उपाय म्हणून जन्माला आली. प्रश्न एवढाच, की परिस्थिती बदलल्यावरही तो उपाय तसाच चालवायचा का? दुकानछाप पाकीट सुटं नसतं. त्यावर घटक, वजन, तारखा आणि मूळ देश छापलेला असतो. आणि इथे दुकानाने आपल्या सगळ्याच मालाची अब्रू एका नावाखाली गहाण ठेवलेली असते.

तिसरं कारण जिभेचं. ‘पण चवीत फरक पडतो हो!’ असं आपण म्हणतो. १९६४ साली ॲलिसन आणि उल या दोघांनी अमेरिकेत ३२६ बिअर पिणाऱ्यांवर एक प्रयोग केला. आधी लेबल काढलेल्या बाटल्या दिल्या, नंतर लेबल लावलेल्या. लेबल नसताना लोकांना आपली नेहमीची बिअर ओळखता आली नाही, आणि सगळ्या बिअरना मिळालेले गुण जवळपास सारखेच होते. लेबल लागल्यावर मात्र ज्याने त्याने आपल्या ब्रँडला वरचे गुण दिले. लोक खोटं बोलत नव्हते. जीभ आणि डोळे मिळूनच चव ठरवत होते.

परदेशी गेलेल्याचं पाकीट

आता थेट आपल्यावरच येऊ. माणूस गाव सोडतो तेव्हा त्याचे ब्रँड त्याच्याबरोबर जातात का? ब्रॉनेनबर्ग, द्युबे आणि गेंट्झकॉव्ह या तीन संशोधकांनी अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राहायला गेलेल्या कुटुंबांची खरेदी तपासली. तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. स्थलांतरित कुटुंबांची खरेदी जुन्या राज्यासारखी राहते की नव्या राज्यासारखी होते, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांना दिसलं असं: घर बदलल्यावर सुमारे ६० टक्के फरक लगेच मिटतो. कारण उघड आहे, नव्या ठिकाणी जे मिळतं आणि परवडतं तेच माणूस घेतो. उरलेला ४० टक्के मात्र चिवट असतो. त्यातला निम्मा मिटायलाच वीस वर्षांहून जास्त काळ लागतो.

हे लोक एकाच देशात, एकच भाषा बोलत, जवळपास सारख्याच दुकानांतून फिरत होते. आपण तर समुद्र ओलांडून आलो आहोत. आणि बहरीनमध्ये तो ६० टक्क्यांचा पहिला झटकाही पूर्ण बसत नाही, कारण इथे भारतीय माल सहज मिळतो. भारताशी या बेटाचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. १९६५ साली बहरीनचा दिनार येईपर्यंत इथे व्यवहारात रुपयाच चालत असे. आजही मनामाच्या सूकमध्ये किंवा गल्लीतल्या कोल्ड स्टोअरमध्ये भारतातलं ओळखीचं नाव डोळ्यांसमोर येतंच. पुणे-मुंबईत घेत होतो तेच इथे घेता येतं, फक्त आयातीचा खर्च चढवून.

या सवयीची किंमत किती असू शकते, हे डेव्हिड ॲटकिन यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासातून दिसतं. हा अभ्यास भारतातल्याच स्थलांतरितांचा आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेली कुटुंबं आपल्या मूळ प्रदेशातलं अन्नच घेत राहतात, भले ते नव्या जागी महाग असो. परिणामी तेवढ्याच रुपयांत त्यांच्या पोटात शेजाऱ्यांपेक्षा कमी उष्मांक जातात. ज्यांना मुळातच पोटभर मिळत नव्हतं, अशा घरांतही हे दिसलं. म्हणजे आठवणीची किंमत कधी कधी पोटाला द्यावी लागते.

बहरीनमध्ये याचा अर्थ वेगवेगळ्या घरांत वेगवेगळा. सहकुटुंब राहणाऱ्या अभियंत्याला वर्षाकाठी काही दिनार जास्त गेले तर जाणवणार नाहीत. पण एका खोलीत चौघे राहून दर महिन्याला घरी पैसे पाठवणाऱ्याला एक दिनार म्हणजे दोनशेहून अधिक रुपये. त्याच्या दृष्टीने मिठाच्या पाकिटावरचं नाव हा छोटा प्रश्न नाही.

जाणकार काय उचलतात?

एखाद्या वस्तूत खरोखर फरक आहे की नाही, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे: त्या वस्तूतलं ज्याला कळतं, तो स्वतःच्या घरासाठी काय घेतो ते पाहावं. वर उल्लेख केलेले तिघे आणि जेसी शपायरो यांनी २०१५ साली नेमकं हेच केलं. डोकेदुखीच्या गोळ्या घेताना अमेरिकेतला सर्वसाधारण ग्राहक २६ टक्के वेळा नामांकित ब्रँड घेत होता. औषधनिर्माते, म्हणजे फार्मासिस्ट, मात्र फक्त ९ टक्के वेळा. एरवी ते दुकानछाप गोळी घेत होते. मीठ-साखरेसारख्या कोठारातल्या वस्तूंच्या बाबतीत व्यावसायिक आचाऱ्यांचंही तसंच. त्यांच्यासारख्याच इतर कुटुंबांपेक्षा त्यांच्या खरेदीत नामांकित ब्रँडचा वाटा १२ टक्के बिंदूंनी कमी होता.

कारण फार्मासिस्टला गोळीत ब्रँड दिसत नाही, रेणू दिसतो. पॅरासिटामॉलचा रेणू भारतात क्रोसिन नावाने येतो, आखातात पॅनाडॉल नावाने, अमेरिकेत टायलेनॉल नावाने. अमेरिकेत तर खुद्द रेणूचंही नाव बदलतं, तिथे त्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात. रेणू तोच.

इथे प्रश्न पैशांपुरता राहत नाही, म्हणून पुढचा परिच्छेद सावकाश वाचा. परदेशातल्या मराठी घरांत औषधांचा एक डबा असतो, त्यात भारतातून आणलेल्या आणि इथे घेतलेल्या गोळ्या एकत्र नांदतात. ताप आला. सकाळी भारतातली क्रोसिन घेतली. दुपारी उतरला नाही म्हणून ‘दुसरं काहीतरी’ घेऊ म्हणत पॅनाडॉल घेतली. रात्री नाक गळतंय म्हणून सर्दीची गोळी. सर्दीच्या अनेक गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं. तीन वेगळी नावं, पण पोटात रेणू एकच, तीनदा. प्रौढाने दिवसात ४ ग्रॅमच्या, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांच्या वर जायचं नसतं. दारू घेणाऱ्यांसाठी, यकृताचा आजार असलेल्यांसाठी आणि फार कमी वजनाच्या व्यक्तींसाठी ही मर्यादा आणखी खाली असू शकते. ती ओलांडली तर यकृताला गंभीर इजा होते, आणि सुरुवातीला तसं काही जाणवतही नाही. नावं पाठ असलेला माणूस इथे फसतो, रेणूचं नाव वाचणारा वाचतो. म्हणून आजच एक काम करा: घरातल्या प्रत्येक गोळीच्या पाकिटावर, ब्रँडखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम पेनाने ठळक करून ठेवा.

उलट बाजूही सांगायला हवी. १९८१ साली ब्रिटनमध्ये ब्रॅन्थवेट आणि कूपर यांनी डोकेदुखी असलेल्या ८३५ स्त्रियांवर प्रयोग केला. काहींना ॲस्पिरिन दिलं, काहींना औषध नसलेली गोळी. आणि दोन्ही प्रकारांत काहींच्या पाकिटावर प्रसिद्ध ब्रँडचं नाव होतं, काहींच्या नव्हतं. ॲस्पिरिनने जास्त आराम दिला हे अपेक्षितच होतं. पण नाव असलेल्या गोळीने नाव नसलेल्या गोळीपेक्षा जास्त आराम दिला, आत औषध नसतानासुद्धा. वेदना मेंदूत जाणवते, आणि मेंदू नाव वाचतो. तेव्हा नावामुळे डोकं थोडं कमी दुखू शकतं. बाथरूमची फरशी मात्र नावामुळे जास्त स्वच्छ होत नाही.

यादीचे चार गट करा

आता हे सगळं यादीवर लागू करू. प्रत्येक वस्तू पुढच्या चारपैकी एका गटात टाका.

पहिला गट, *एकच रेणू*. मीठ, साखर, खाण्याचा सोडा, साधं पांढरं व्हिनेगर, ब्लीच, पॅरासिटामॉल. इथे नावापोटी जास्त मोजायला सहसा कारण नाही. पाहायचं ते वेगळंच काहीतरी.

मिठाचं घ्या. भारतात माणसाच्या खाण्यासाठी विकलं जाणारं मीठ आयोडीनयुक्तच असावं असा नियम आहे, त्यामुळे ‘मीठ म्हणजे आयोडीन आलंच’ असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. परदेशात तसं गृहीत धरता येत नाही. फळीवर आयोडीनयुक्त मीठ असतं, बिनआयोडीनचं असतं, गुलाबी सैंधवही असतं. गरोदर बाई किंवा लहान मूल घरात असेल तर पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलंय की नाही हे पाहणं ब्रँडपेक्षा कितीतरी महत्त्वाचं. दुकानछाप आयोडीनयुक्त मीठ हे नामांकित बिनआयोडीनच्या मिठापेक्षा चांगलं.

ब्लीचचंही तसंच. त्यात काम करतं ते सोडियम हायपोक्लोराइट, आणि ते आपोआप विघटित होत राहतं. तापमान दर १० अंशांनी वाढलं की विघटनाचा वेग साधारण तिप्पट-चौपट होतो. बहरीनमध्ये उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. बाल्कनीत किंवा गाडीच्या डिकीत महिनाभर राहिलेल्या महागड्या ब्लीचपेक्षा गेल्या महिन्यात बनलेलं, घरात गारव्याला ठेवलेलं दुकानछाप ब्लीच जास्त कामाचं. इथे वाचायचं ते टक्केवारी आणि उत्पादनाची तारीख. (ब्रँड कुठलाही असो, ब्लीच कधीही संडास साफ करण्याच्या आम्लात किंवा व्हिनेगरमध्ये मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू तयार होतो.)

दुसरा गट, *घडण वेगळी*. कपड्यांची पावडर, भांड्यांचा द्रव, टिश्यू, कचऱ्याच्या पिशव्या. इथे फरक खरा असू शकतो. चांगल्या डिटर्जंटमध्ये मळ सोडवणाऱ्या द्रव्यांबरोबर विकरं, म्हणजे एन्झाइम्स, असतात. प्रोटीएज अंड्याचे आणि रक्ताचे डाग तोडतं, अमायलेज पेजेचे-खिरीचे, लायपेज तेलाचे. स्वस्त पावडरमध्ये ती कमी असतात किंवा नसतातच. पण हा फरक ब्रँड आणि दुकानछाप यांच्यातला नाही, विकरं असलेली आणि नसलेली यांच्यातला आहे. ते पाकिटाच्या मागे लिहिलेलं असतं. आणि आपल्या सगळ्यांत हट्टी डागावर कुठलाच ब्रँड लागत नाही. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, कारण हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत रंग बदलतं. घाबरू नका, कपडा धुऊन उन्हात टाका. सूर्यप्रकाशात कर्क्युमिन विघटित होतं आणि डाग फिका पडत जातो. बहरीनमध्ये ऊन फुकट आहे.

तिसरा गट, *चव*. चहा, गोडा मसाला, लोणचं, तूप, पापड. इथे वस्तू मुळातच वेगळी असते. चहापत्तीचं मिश्रण वेगळं, मसाल्यातलं दगडफुलाचं आणि नागकेशराचं प्रमाण वेगळं. दुकानछाप ‘गरम मसाला’ हा तुमच्या गोड्या मसाल्याला पर्याय नाहीच. इथे ब्रँडला चिकटून राहिलात तर ते चूक नव्हे. फक्त तो फरक खरोखर जिभेला कळतो की डोळ्याला, एवढं एकदा तपासून घ्या. कसं, ते पुढे येतंच.

चौथा गट, *बदल जपून*. तान्ह्या बाळाचं दूध, ॲलर्जी असलेल्यांचं अन्न, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं. विशेषतः थायरॉइड आणि फेफरं यांच्या औषधांत मात्रेतला छोटा फरकही जाणवू शकतो. इथे पैसे वाचवायला हरकत नाही, पण डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारूनच.

चहाच्या आठ कपांचा प्रयोग

‘मला माझा चहा डोळे मिटून ओळखता येतो’ असं म्हणणाऱ्यांसाठी हा प्रयोग. याचा उगमही चहातलाच आहे. १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात एक संशोधिका म्हणाल्या, की कपात आधी दूध घातलंय की आधी चहा, हे मी चवीवरून सांगू शकते. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने ही गोष्ट मनावर घेतली. १९३५ सालच्या आपल्या पुस्तकात याच उदाहरणावरून त्यांनी प्रयोगाची आखणी कशी करावी हे शिकवलं, आणि जगभरचे विद्यार्थी आजही ते शिकतात.

तुम्ही असं करा. एकसारखे आठ कप घ्या. चारांत तुमचा नेहमीचा चहा, चारांत दुकानछाप. पाणी, दूध, साखर, उकळण्याची वेळ सगळं सारखं. चहा करणारा एक, पिणारा दुसरा. कपांच्या तळाला खुणा करा आणि चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा, नाहीतर करणाऱ्याचा चेहराच उत्तर सांगून जातो. पिणाऱ्याला एवढंच सांगा, की चार असे आहेत आणि चार तसे. त्याने आपले चार निवडून काढायचे.

आता गणित. आठांतून चार निवडायच्या एकूण ७० पद्धती आहेत, त्यांपैकी एकच पूर्ण बरोबर. म्हणजे नुसत्या अंदाजाने आठही कप ओळखले जाण्याची शक्यता ७० मध्ये १, दीड टक्क्याहून कमी. तसं झालं तर जिभेला खरोखर फरक कळतो असं मानायला हरकत नाही. तो चहा खुशाल चालू ठेवा. पण चारांपैकी तीन बरोबर आले तर? तीन किंवा चार बरोबर येण्याच्या पद्धती १७, म्हणजे ७० मध्ये १७, जवळजवळ चारांत एक. एवढं तर नशिबानेही जमतं. ‘चारातले तीन ओळखले, बघ!’ हा पुरावा नाही. आणि ओळखू येणं वेगळं, आवडणं वेगळं. प्रयोग झाल्यावर, उत्तरं उघडण्याआधी, ‘यांतले कुठले जास्त आवडले?’ हेही विचारून लिहून ठेवा. कधी कधी गंमत होते.

आणि हिशेब

दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहा. पहिली, दर किलोमागचा भाव. समजा, एक पावडर ३ दिनारला अडीच किलो आहे आणि दुसरी १ दिनार ९०० फिल्सला दीड किलो. दुसरी स्वस्त वाटते. पण पहिली किलोमागे १२०० फिल्स पडते, दुसरी जवळजवळ १२६७. दुकानछाप असो की ब्रँड, हा भागाकार मोबाइलवर केल्याशिवाय पाकीट गाडीत टाकू नका.

दुसरी, कर. बहरीनमध्ये १ जानेवारी २०१९ पासून ५ टक्के मूल्यवर्धित कर आला आणि १ जानेवारी २०२२ पासून तो १० टक्के झाला. ९४ मूलभूत खाद्यपदार्थांवर तो शून्य आहे, पण डिटर्जंट, टिश्यू, भांड्यांचा साबण यांना ती सवलत नाही. कर किमतीवर लागतो. म्हणजे नावापोटी एक दिनार जास्त मोजला की त्या नावावरही शंभर फिल्स कर बसतो.

समजा, पहिल्या गटातल्या वस्तूंना महिन्याला ६ दिनार जातात आणि दुकानछाप घेतल्यास ४ लागतील. महिन्याला २, वर्षाला २४ दिनार. रुपयांत पाच हजारांहून अधिक. यात कुणी काही खाणं सोडलेलं नाही, मीठ कमी खारट झालेलं नाही. फक्त पाकिटावरचं नाव बदललं.

शेवटची एक सावधगिरी. एका नावाची सवय सोडून दुसऱ्या नावाची लावून घेणं हे उत्तर नाही. दुकानछाप मालाचं आयुष्य दुकानाला बांधलेलं असतं. सप्टेंबर २०२५ मध्ये कारफूरने बहरीनमधली दुकानं बंद केली आणि त्यांच्या जागी हायपरमॅक्स आलं. डोळे मिटून जुन्या दुकानाचंच पाकीट उचलणाऱ्याला नव्याने निवडावं लागलं. ज्याने पाकिटामागचे घटक वाचायची सवय लावली होती, त्याचं काही अडलं नाही. ही सवय दुकानाबरोबर बंद होत नाही आणि देश बदलला तरी सोबत येते.

म्हणून या महिन्याची यादी लिहिताना एवढंच करा. पहिल्या दोन गटांत कंपनीचं नाव खोडून वस्तूचं नाव लिहा: ‘आयोडीनयुक्त मीठ’, ‘विकरं असलेली पावडर’, ‘पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम’. तिसऱ्या गटात हवं ते नाव ठेवा, आणि ते ठेवताना ओशाळू नका. आईच्या हातचा वास आणणाऱ्या मसाल्यासाठी चार फिल्स जास्त मोजणं हा खर्च आहे, उधळपट्टी नव्हे. फक्त आपण कशासाठी मोजतोय हे आपल्याला ठाऊक असावं.